पहिल्यांदा चीनला जाताय? कोकणातल्या माणसाने आधी च्वानचौ बघावं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळ्यात आमच्याकडे आगरातली कामं जरा हलकी असतात आणि दिवाळीनंतरच्या फिरतीचे बेत तेव्हाच ठरतात. यंदा आमच्या आळीत चीनचा विषय निघालाय. २०२५ च्या ऑक्टोबरपासून थेट विमानं परत सुरू झाली, आधी कोलकाता ते ग्वांगचौ आणि मग दिल्लीहून, त्यामुळे इतकी वर्षं बंद असलेला विषय लोकं परत बोलायला लागलेत. पण ज्या टूरवाल्याकडे जावं तो एकच कागद पुढे करतो, बीजिंग शांघाय शिआन, आठ दिवस, भिंत बघा टॉवर बघा मातीचे सैनिक बघा. वाईट काहीच नाही त्यात, पण मी गेले काही महिने वाचतोय, नकाशे बघतोय, जाऊन आलेल्यांशी बोलतोय, आणि माझं मत पक्कं झालंय की समुद्रकाठच्या माणसाने पहिल्यांदा चीनला जायचं तर च्वानचौला जावं. हे शहर आपल्या कुठल्याच पॅकेजमध्ये नसतं म्हणून हे पत्र.

च्वानचौ आहे फूज्यान प्रांतात, तैवानच्या समोरच्या किनाऱ्यावर. दहावं ते चौदावं शतक हे जगातल्या मोठ्यातल्या मोठ्या बंदरांपैकी एक होतं. अरब लोक त्याला झैतून म्हणायचे. मार्को पोलो परतीच्या प्रवासाला निघाला तो इथूनच, इब्न बतूता चीनमध्ये उतरला तो इथेच. १०८७ साली इथे सरकारने परदेशी व्यापाराचं स्वतंत्र खातं उघडलं, जकात, मालाची तपासणी, परवाने सगळं तिथून चालायचं. १२२५ च्या सुमारास त्या खात्याच्या एका अधिकाऱ्याने स्वतः कुठे न जाता बंदरावर येणाऱ्या व्यापाऱ्यांना विचारून विचारून परक्या देशांची नोंद लिहून ठेवली, त्यात मलबार आहे, गुजरात आहे. त्या काळात आपल्याकडे शिलाहार होते. बोरिवलीजवळ एकसरला जे वीरगळ आहेत ना, ज्यांच्यावर गलबतांची लढाई कोरलीय, ते साधारण त्याच काळातले. म्हणजे इकडे चौल, ठाणे, सोपारा आणि तिकडे च्वानचौ, सगळा एकाच वाऱ्यावर चालणारा धंदा होता. चौलला तर दहाव्या शतकात अल मसुदी हा अरब प्रवासी येऊन गेला, आणि तिथल्या उत्खननात चिनी भांड्यांचे तुकडे निघालेत. २०२१ साली युनेस्कोने च्वानचौला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं तेव्हा एक इमारत नाही घेतली, २२ जागा एकत्र घेतल्या, देवळं, मशीद, पूल, गोदी, भट्ट्या, लोखंड गाळायची जागा, सगळं. बंदर म्हणजे नुसता धक्का नसतो हे त्यांना कळलं, मला हे फार मोलाचं वाटतं.

आता काय बघायचं ते सांगतो, आणि जरा लांबेल, माफ करा, पण हे सांगितल्याशिवाय लोकं का म्हणून वाकडी वाट करतील.

पहिलं काययुआन मंदिर. ६८६ साली स्थापन झालेलं बौद्ध मंदिर, त्याच्या आवारात दोन दगडी मनोरे आहेत, दोन्ही तेराव्या शतकातले, चाळीस मीटरच्या वर उंच. सगळे त्यांचेच फोटो काढतात. पण मुख्य मंडपाच्या मागच्या बाजूला जायचं, तिथे दोन दगडी खांब आहेत आणि त्या खांबांवर आपला नरसिंह आहे, हिरण्यकश्यपूला मांडीवर घेऊन. गजेंद्रमोक्ष आहे. उखळाला बांधलेला कृष्ण दोन झाडं पाडतोय, यमलार्जुन, तो आहे. बौद्ध मंदिरात, चीनमध्ये! हे खांब मूळचे तिथले नाहीत, गावात एक हिंदू देऊळ होतं ते पडलं, आणि नंतर मिंग घराण्याच्या काळात मंडपाची डागडुजी करताना त्या देवळाचे दगड इथे लावले. ते देऊळ तमिळ व्यापाऱ्यांचं. तमिळमधला एक शिलालेखच सापडलाय, खाली एक ओळ चिनीत आहे, आणि त्यात साल दिलंय शके १२०३, म्हणजे १२८१, तेव्हा चीनवर मंगोल बादशहा कुबलाई खानाचा अंमल. शंकराची मूर्ती बसवल्याची ती नोंद. आपण पंचांगात अजून शक वापरतो, तोच शक चीनच्या किनाऱ्यावर दगडात कोरलेला, हे वाचल्यावर मी खरंच बराच वेळ दुसरं काही वाचू शकलो नाही. मात्र एक सांगतो, हे काम तमिळ व्यापाऱ्यांचं आहे, ते उगाच ओढूनताणून मराठी करू नये. फोनवर असले मेसेज फिरायला वेळ लागत नाही. जे ज्याचं आहे ते त्याचं म्हणूनच बघितलं तरी अभिमान वाटायला काही कमी पडत नाही.

त्याच आवारात एक जुनं जहाज ठेवलंय, ते आमच्याकडच्या प्रत्येक नाखव्याने आणि तांडेलाने बघावं असं आहे. १९७४ साली हौचू बंदराच्या चिखलातून काढलेलं, सुमारे २४ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद, तेराव्या शतकाच्या शेवटी बुडालेलं. त्याच्या पोटात आडव्या भिंती घालून १३ वेगवेगळे कप्पे केलेत, म्हणजे एका कप्प्यात पाणी शिरलं तरी बाकीचे कोरडे राहणार आणि जहाज तरंगणार. ही अक्कल त्यांनी सातशे वर्षांपूर्वी वापरलेली, आजची पोलादी जहाजं याच तत्त्वावर बांधतात. आणि माल काय होता त्यात? सुगंधी लाकूड, मिरी, लोबान, शिंपले आणि सुपारी. मी श्रीवर्धनचा आहे, आमच्या रोठ्या सुपारीवर घरं चालतात, तेव्हा सुपारी हा शब्द वाचून मला काय वाटलं असेल ते इथल्या माणसाला सांगायला नको. ती सुपारी कुठल्या किनाऱ्याची हा वेगळा मुद्दा, दक्षिणेकडच्या बेटांवरूनही यायची, पण हा माल बोटीत भरून समुद्रापार विकायचा धंदा किती जुना आहे ते डोळ्यासमोर येतं.

मग लोयांग पूल. शहराबाहेर खाडीच्या मुखाशी. १०५३ ते १०५९ या सहा वर्षांत बांधला, त्साय श्यांग नावाच्या अधिकाऱ्याने. खाडीत भरती ओहोटीचा एवढा जोर की पाया टिकेना, तर त्यांनी खाली दगडांचा लांबच लांब थर टाकला, त्यावर खांब उभे केले आणि त्या दगडांवर चक्क कालवं वाढवली. कालवं! आपल्याकडे बायका ओहोटीला खडकावर कालवं फोडायला जातात तेव्हा ती किती घट्ट चिकटलेली असतात ते आपल्याला माहिती आहे, तोच चिकटपणा त्यांनी सिमेंटसारखा वापरला. आणि वरच्या मोठमोठ्या शिळा बसवायला भरतीची मदत घेतली, तराफ्यावर शिळा ठेवायची, पाणी चढलं की ती वर येते, खांबावर आणायची, पाणी उतरलं की बसते. खांबांचे पुढचे टोक गलबतासारखे निमुळते केलेत पाणी कापायला. मी दोन वर्तमानपत्रांची पुरवणी वाचून इंजिनिअर झालो नाहीये पण खाडीकाठी जन्म काढलाय, या पुलामागे डोकं कुणाचं चाललं असेल तर खाडी रोज बघणाऱ्या माणसांचंच चाललं असणार एवढं नक्की कळतं. एक लक्षात ठेवा, पूल ओहोटीच्या वेळी बघायचा, म्हणजे खालचे खांब, कालवं आणि चिखलात काम करणारी माणसं दिसतात. भरतीला गेलात तर नुसता रस्ता दिसेल. भरती ओहोटीचं वेळापत्रक आधी बघून त्याप्रमाणे दिवस लावा, आपल्याला तिथी बघून पाणी ओळखायची सवय आहेच.

श्युनपू नावाचं कोळीवाड्यासारखं गाव आहे शहराजवळ. तिथे घरांच्या भिंती कालवांच्या शिंपल्यांच्या आहेत आणि बायका अंबाड्याभोवती ताज्या फुलांच्या वेण्या माळतात, एकावर एक गोल. आमच्याकडच्या बाजारात अबोली आणि सुरंगीच्या वेण्या घेऊन बसणाऱ्या मावश्या आठवल्याशिवाय राहणार नाहीत. पण अलीकडे तिथे फार गर्दी व्हायला लागलीय, बाहेरून येणाऱ्या पोरी फुलं माळून, भाड्याचे कपडे घालून फोटो काढतात. माझं म्हणणं, सकाळी लवकर जा, गावातल्या म्हाताऱ्या बायका कालवं सोलत बसलेल्या असतात त्या वेळेला, आणि फोटो काढायच्या आधी हाताने खूण करून विचारा. आपल्या जेटीवर कोणी न विचारता कॅमेरा तोंडासमोर आणला की आपल्याला कसं वाटतं.

मशीद पण बघायचीच आहे. छिंगचिंग मशीद १००९ साली बांधलेली, दगडी, अरबी अक्षरं कोरलेली, चीनमधल्या सगळ्यात जुन्या मशिदींपैकी. आमच्या बेतात मोहल्ल्यातले एक शेजारी पण आहेत, त्यांच्या घरात तीन पिढ्या जहाजावर गेल्यात, त्यांना ती मशीद आणि लिंगशान टेकडीवरच्या जुन्या मुसलमानी कबरी बघायच्यात. चंग ह हा मोठा नौदल सरदार १४१७ साली पश्चिमेकडे निघण्याआधी त्या कबरींपाशी येऊन गेला, तसा दगड तिथे आहे. हाच चंग ह कालिकतला आलेला. आणि दर्यादेवी मात्सूचं देऊळ, ते ११९६ चं. नारळी पुनवेला आपण जे करतो त्याच्या मागची भीती आणि तीच श्रद्धा, वेगळी काही नाही. च्योऊरी नावाच्या टेकडीवर तर खडकांत लेख कोरलेत की अमुक साली अमुक अधिकाऱ्यांनी इथे येऊन वाऱ्यासाठी प्रार्थना केली. सरकारी अधिकारी वाऱ्याला हात जोडायला जायचे, कारण हिवाळ्यात ईशान्येचा वारा लागला की जहाजं बाहेर पडणार आणि उन्हाळ्यात नैर्ऋत्येचा लागला की परतणार, वारा चुकला तर अख्खं वर्ष गेलं.

आता हे सगळं राहिलं कसं ते सांगायलाच हवं, माझ्या पत्राचं मूळ कारण तेच आहे. चौदाव्या शतकाच्या मध्यात तिथे मोठं बंड झालं, परदेशी वस्त्या उद्ध्वस्त झाल्या, नंतर मिंग राजांनी समुद्री व्यापारावर बंदी घातली, बंदर गाळाने भरत गेलं. देवळांचे, कबरींचे कोरीव दगड गावाच्या तटबंदीत चिणले गेले. विसाव्या शतकात तट पाडायला घेतला तेव्हा ते दगड बाहेर पडायला लागले, कोणी पायरीला लावले, कोणी घराच्या पायात घातले. तेव्हा वू वनल्यांग नावाच्या तिथल्याच एका शाळामास्तराने, जीवशास्त्र शिकवायचा तो, असे दगड शोधायला, विकत घ्यायला, घरी आणून ठेवायला सुरुवात केली. ना पुरातत्त्व खात्याचा माणूस, ना श्रीमंत. अरबी, तमिळ, सिरियाक कुठल्याच लिपीचा दगड त्याने सोडला नाही. पुढे ते सगळे त्याने सरकारला दिले, १९५९ मध्ये तिथे समुद्री व्यापाराचं संग्रहालय उभं राहिलं त्यात आज ते ठेवलेत. आपल्याकडे चौलला, दाभोळला, केळशीला, बाणकोटला जाऊन बघा. वीरगळ देवळामागे उलटे पडलेत, शिलालेखावर ऑइलपेंट मारलाय, जुन्या धक्क्याचा दगड कोणाच्या गडग्यात गेलाय. कोकणात शाळामास्तर कमी नाहीत, आणि इतिहासाची ओढ असलेले पण कमी नाहीत. जो कोणी च्वानचौला जाईल त्याने त्या संग्रहालयात एक अख्खा दिवस द्यावा, आणि जाण्याआधी चौल आणि दाभोळ तरी पायी फिरून बघावं, नाहीतर तिकडचे दगड बघून नुसतं वा वा होईल, आपलं काय ते कळणार नाही.

बाकी तयारीचं जे मला कळलंय ते थोडक्यात. व्हिसा लागतो, चीनने बऱ्याच देशांना ट्रान्झिटमध्ये काही दिवस विनाव्हिसा फिरायची मुभा दिलीय पण त्या यादीत भारत नाही, तेव्हा कोणी एजंट तसं सांगत असेल तर ऐकू नका. टुरिस्ट व्हिसा काढायचा, फॉर्म ऑनलाइन भरायचा, पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त शिल्लक पाहिजे. विमानाचं म्हणाल तर मुंबईहून ग्वांगचौ गाठून पुढे रेल्वे, किंवा सिंगापूर नाहीतर क्वालालंपूरमार्गे फूज्यानमधल्याच श्यामेन या बंदराच्या शहरात उतरायचं, तिथून च्वानचौ फास्ट ट्रेनने तासाच्या आत. मला दुसरा मार्ग बरा वाटतो, श्यामेनला एक दिवस राहून समोरचं कुलांगयू बेट बघता येतं, गाड्या नाहीत तिथे, सगळं पायी. रेल्वेचं तिकीट पासपोर्टच्या नावावर निघतं, स्टेशनवर पासपोर्ट हातात लागतो.

पैशांचं आधीच करून ठेवा. तिथे चहावाला पण फोनवर पैसे घेतो पण आपल्या यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका, अलीपे किंवा वीचॅट ही तिकडची पैसे द्यायची ॲप घरूनच डाउनलोड करून आपलं इंटरनॅशनल कार्ड जोडा, पासपोर्टने ओळख पटवून घ्या. दोनशे युआनच्या वरच्या पेमेंटला तीन टक्के कट लागतो, म्हणून मोठी बिलं तुकड्यात देता आली तर बघा, आणि थोडी रोख जवळ असू द्या. गुगल, व्हॉट्सॲप तिथे बंद असतात. इथल्या सिमचं इंटरनॅशनल रोमिंग घेतलं की सहसा चालतात, घरच्यांना तेवढं सांगून ठेवा म्हणजे काळजी नको. नकाशासाठी तिकडचं गाओदे ॲप. हॉटेलचं नाव आणि पत्ता चिनी अक्षरात छापून खिशात ठेवा, टॅक्सीवाल्याला दाखवायला, उच्चार करत बसायची गरज नाही. त्या भागातली म्हातारी माणसं मिन्नान ही तिथली बोली बोलतात, बीजिंगची भाषा शिकून गेलात तरी सगळं कळेल असं नाही.

खाण्याची चिंता कोकणी माणसाला कशाला? कालवांचं ऑम्लेट तिथलं रोजचं खाणं, खेकडे, कोळंबी, शेवयांचं पातळसर गरम सूप सकाळी खातात. फक्त आपल्यासारखं तिखट नसतं, ज्यांना लागतं त्यांनी बरोबर मिरचीचं काहीतरी न्यावं. शाकाहारी माणसांनी मंदिरांजवळची शाकाहारी जेवणाची हॉटेलं शोधावीत, बौद्ध मंदिरांमुळे ती मिळतात, बाकी ठिकाणी भाजीत पण डुकराची चरबी असू शकते हे माहीत असू द्या. चहा मात्र भरपूर प्या, थ्येक्वानयिन हा त्यांचा नावाजलेला चहा तिथल्याच आनशी भागातला.

कधी जायचं, तर जुलै ते सप्टेंबर वादळांचे महिने, ते टाळायचे. १ ते ७ ऑक्टोबर त्यांची राष्ट्रीय सुट्टी, सगळा चीन बाहेर पडतो, तेव्हा तर मुळीच नाही. नोव्हेंबर चांगला, हवा सुखद, आणि जुनी जहाजं ज्या ईशान्य वाऱ्यावर निघायची तो वारा तेव्हा लागलेला असतो. संग्रहालयं बरीचशी सोमवारी बंद, तेव्हा सोमवार पुलासाठी ठेवा. किती दिवस म्हणाल तर च्वानचौ एकट्याला चार दिवस पुरे नाहीत, पाच द्या. बीजिंगची भिंत पुढच्या फेरीत बघता येईल, ती कुठे जात नाही.

मराठी माणसाला चीन म्हटलं की डॉ. कोटणीस आठवतात नाहीतर १९६२ आठवतं. दोन्ही खरं आहे, आणि सीमेवरचं विसरा असं मी म्हणत नाही. पण त्याच्या आधी काही शतकं समुद्रावरून चाललेला व्यवहारही तितकाच खरा आहे आणि तो कोकणाला माहीत असायला हवा. आमच्या पट्ट्यातली कितीतरी पोरं मर्चंट नेव्हीत आहेत, त्यांनी निंगबो, शांघाय, श्यामेनची बंदरं कंटेनरच्या उंचीवरून बघितलीत, शोअर लीव्ह मिळाली तर जेटीच्या बाहेर दोन तास. त्यांच्या आईबापांनी तरी तो किनारा निवांत फिरून बघावा असं मला मनापासून वाटतं.

संपादक साहेब, आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेश सहलींवर नेहमी पानभर येतं. त्यात या शहरावर एक चांगला लेख जाणकाराकडून लिहून घ्यावा, आणि त्याच्या शेजारी चौल, दाभोळचा जोडलेख द्यावा, नकाशासकट. शिवाय आपल्या वाचकांपैकी जे श्यामेन च्वानचौकडे जाऊन आलेत, विशेषतः जहाजावरची मंडळी, त्यांचे अनुभव मागवून छापलेत तर आमच्यासारख्या पहिल्यांदा जाणाऱ्यांना फार उपयोग होईल. व्हिसा, तिकिटं हे सगळं गणपतीच्या आधी उरकायचा आमचा विचार आहे, तेव्हा शक्य झालं तर त्या आधीच्या पुरवणीत घ्यावं ही विनंती.

आपला,
एक वाचक
श्रीवर्धन, जि. रायगड